हँड डिप्रायमरची पिन सारखी वाकते, तुटते, अडकते: दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं

नवी पिन बसवली, वाडगाभर पुंगळ्या झाल्या आणि पिन पुन्हा वाकली. हँड डिप्रायमर म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या पुंगळीतून (धातूच्या कवचातून) जुना प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी, काढायचं हातातलं अवजार. पुढे 'हत्यार' म्हटलं आहे ते यालाच. ते वापरणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची तक्रार हीच. मग लगेच आणखी जाड, आणखी कडक पिन मागवली जाते आणि तीही तशीच जाते. दोष बहुतेक वेळा पिनेत नसतो. एक तर पुंगळीच चुकीची असते, नाहीतर पुंगळी आणि पिन धरणारा रॉड एका रेषेत नसतात. हँडल दाबताना हाताला अडथळा नेमका कोणत्या क्षणी लागतो हे कळलं, तर हत्यार न उघडताही कारण सापडतं.

पुढचं सगळं अमेरिकेसारख्या ठिकाणी घरी कायदेशीरपणे काडतुसं भरणाऱ्यांसाठी आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे तिथल्या वाचकांनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं.

हत्यार कसं चालतं

हातात धरून वापरायच्या डिप्रायमरचे तीन प्रकार दिसतात. पहिला पकडीसारखा. मधे उभा रॉड, रॉडच्या टोकाला पिन, समोर पुंगळीचं बूड बसायला अदलाबदल करता येणारी कोलेट आणि मागे वापरलेले प्राइमर साठायला नळी. दुसरा म्हणजे पंच आणि बेस. बेसवर पुंगळी उभी ठेवायची, तोंडातून पंच घालायचा आणि लाकडी किंवा रबरी हातोडीनं टोला द्यायचा. हा स्वस्त आहे, पण प्रत्येक कॅलिबरला वेगळा संच लागतो आणि आवाज फार होतो. तिसरा म्हणजे काडतुसं भरायच्या प्रेसची हातात धरायची छोटी आवृत्ती. तिच्यात नेहमीच्या ७/८ इंच-१४ आट्यांची युनिव्हर्सल डिकॅपिंग डाय (बहुतेक मापांना चालणारा, प्राइमर काढायचा साचा) बसते. पुंगळ्या ओल्या टम्बलरमध्ये (पाण्यात घोळवून धुणाऱ्या फिरत्या डब्यात) टाकायच्या आधी प्राइमर काढले की पॉकेट, म्हणजे प्राइमर बसायची खोबणही धुऊन निघते, म्हणून हे काम प्रेसपासून वेगळं काढून सोफ्यावर बसून करायची पद्धत पडली आहे.

तिन्हींच्या आत घडतं ते एकच. रॉड तोंडातून आत जातो, पिनेचं टोक आतून बुडाला टेकतं, मधलं फ्लॅश होल (प्राइमरची ठिणगी दारूकडे जायचं भोक) शोधतं, त्यातून जाऊन प्राइमरमधल्या ॲनव्हिलला (ऐरणीसारख्या चिमुकल्या तुकड्याला) लागतं आणि पूर्ण प्राइमर बाहेर ढकलतं. मग पिन त्याच भोकातून परत येते. अडथळा येऊ शकतो अशा जागा तीनच: भोक सापडण्याआधी, प्राइमर हलण्याआधी, आणि परतीच्या वाटेवर.

भोक सापडण्याआधीच अडतं

हँडल अर्धंही दाबलेलं नसतं आणि खाली काहीतरी टणक लागतं. इथेच हात थांबवायचा. नव्वद टक्के ताकद वापरून बघू, असा विचार मनात आला की पिन गेलीच म्हणून समजा.

पहिला संशय बर्डन पुंगळीवर घ्या. बॉक्सर आणि बर्डन या दोन्ही रचना १८६० च्या दशकातल्या. एक ब्रिटिश एडवर्ड बॉक्सरची, दुसरी अमेरिकन हायरम बर्डनची. गंमत अशी की ब्रिटिश माणसाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन माणसाची युरोपात. बॉक्सरमध्ये मधोमध एकच फ्लॅश होल असतं आणि ॲनव्हिल प्राइमरच्या आत असते. बर्डनमध्ये ॲनव्हिल पुंगळीच्या बुडाचाच भाग असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक भोकं असतात. म्हणजे तुमची पिन जिथे भोक शोधते आहे तिथे सलग पितळ किंवा पोलाद आहे. जुनी लष्करी .३०३ ब्रिटिश काडतुसं आणि पूर्व युरोपातली पोलादी पुंगळीची ७.६२ × ३९ काडतुसं यांत बर्डन सर्रास सापडतं. पुंगळीच्या तोंडातून टॉर्चचा उजेड सरळ खाली टाका. मधे एक ठिपका दिसला तर बॉक्सर, दोन दिसले तर बर्डन. नेमबाजीच्या रेंजवर गोळा केलेल्या मिश्र मालासाठी आणखी सोपी चाळणी म्हणजे लोहचुंबक. जे चिकटेल ते बाजूला. ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या चुंबकाला चिकटत नाहीत, पण रंगावरून आणि हलकेपणावरून लगेच कळतात. त्यांत बॉक्सर प्राइमर असला तरी त्या भरू नयेत.

बर्डन प्राइमर काढायची वेगळी अवजारं मिळतात, आणि पुंगळीत पाणी भरून घट्ट दांड्यावर टोला मारून पाण्याच्या दाबानं प्राइमर उडवण्याची जुनी युक्तीही आहे. पण त्या मापाचे नवे बर्डन प्राइमर मिळवणं हीच खरी अडचण. दुर्मीळ कॅलिबर असल्याशिवाय हा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

दुसरा संशय: पुंगळीत पुंगळी. ९ मिमीची पुंगळी .४० एस अँड डब्ल्यूमध्ये अगदी नेमकी जाऊन बसते, .४० ची .४५ एसीपीमध्ये, आणि .२२ ची छोटी पुंगळी ९ मिमीच्या पोटात. बादलीत टम्बल केलेल्या मालात तर हे हटकून होतं. वरून बघताना एकच पुंगळी दिसते. आतल्या पुंगळीच्या बुडावर पिन आदळते आणि वाकते. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. ओंजळभर पुंगळ्या तोंडं वर करून ट्रेमध्ये उभ्या करायच्या आणि एकदा नजर फिरवायची. याच नजरेत खडे, चिखलाची ढेकळं आणि चेपलेली तोंडंही सापडतात. ढेकूळ असेल तर ती पुंगळी आधी धुवून घ्या. बाटलीच्या आकाराच्या रायफल पुंगळीत मानेच्या खाली बसलेला खडा वरून दिसतोच असं नाही. हातात घेऊन हलवली की तो वाजतो.

आता या दोन्हींपैकी काही नसेल, तर राहिली रेषा. आणि इथे बहुतेकांची गफलत होते. .२२३ च्या पुंगळीची मान अरुंद असते, रॉड तिच्यातून जेमतेम जातो, म्हणून मानच रॉडला मधोमध धरते. तोच रॉड .४५ एसीपीच्या रुंद, सरळ पुंगळीत घातला की त्याला धरणारं काही उरत नाही. सगळी भिस्त बूड धरणाऱ्या कोलेटवर. कोलेट एक माप मोठी असेल तर पुंगळी तिरकी बसते, आणि पिनेचं टोक भोकाच्या कडेवर उतरतं. म्हणून सरळ भिंतीच्या पिस्तूल पुंगळ्यांतच पिना जास्त वाकतात, जरी त्यांचे प्राइमर काढायला सोपे असले तरी.

तपासायची रीत अशी. कोलेटमध्ये प्राइमर काढलेली पुंगळी बसवा आणि बोटानं डावी-उजवीकडे ढकला. किंचित खेळ ठीक, पण पुंगळीचं तोंड दोन-तीन मिलीमीटर सरकत असेल तर कोलेट चुकीची आहे किंवा तिच्या कोनाड्यात प्राइमरची काजळी साचली आहे. कोलेट काढा, कापसाच्या ओल्या काडीनं कोनाडा पुसा, परत बसवा. मग हँडल सावकाश दाबा. पिन टेकल्यावर पुंगळी बोटांनी थोडी फिरवा. टोक भोकात उतरलं की हाताला एक छोटासा 'टक' जाणवतो. दाब त्यानंतर. पहिल्या वीस-पंचवीस पुंगळ्यांना हे जाणीवपूर्वक करावं लागतं, नंतर हात आपोआप थांबतो.

क्वचित फ्लॅश होलच मध्यावरून सरकलेलं असतं. स्वस्त मालात हे दिसतं. अशी पुंगळी एकच असेल तर फेकून द्या, अख्ख्या लॉटमध्ये असेल तर लॉट वेगळा ठेवा आणि तो हँड डिप्रायमरला लावूच नका.

पिन भोकात घट्ट बसते, परत येत नाही

इथे लक्षण अगदी वेगळं असतं. पिन भोकात गेली, प्राइमरही निघाला, पण पुंगळी पिनेवरच अडकून राहिली. किंवा पिन भोकाच्या तोंडाशी थांबली आणि दाबल्यावर करकरत आत गेली. कारण बहुधा लहान फ्लॅश होल.

नेहमीच्या फ्लॅश होलचा व्यास ०.०८० इंचाच्या आसपास, म्हणजे सुमारे २ मिमी. नेहमीच्या डिकॅपिंग पिना ०.०७ इंचाच्या आगेमागे. म्हणजे दोन्ही बाजूंना पुरेशी मोकळीक. पण अचूक निशाणेबाजीसाठी बनवलेल्या काही पुंगळ्यांत भोक ०.०५९ इंच, म्हणजे १.५ मिमी असतं: .२२० रशियन आणि तिच्यापासून बनणारी ६ पीपीसी, ६ मिमी बीआर नॉर्मा, ६.५ × ४७ लापुआ, आणि लापुआची छोट्या रायफल प्राइमरची ६.५ क्रीडमूर. तिथे ०.०७ ची पिन जाऊच शकत नाही, आणि जबरदस्तीनं घातली तर निघत नाही. त्यांच्यासाठी ०.०५७ इंचाची पिन घ्यावी लागते.

नुसत्या प्राइमरच्या आकारावरून अंदाज बांधू नका. छोटा प्राइमर म्हणजे छोटं भोक, असा नियम नाही. .२२३ आणि ९ मिमीलाही छोटाच प्राइमर लागतो, पण त्यांचं भोक नेहमीच्या मापाचं असतं. खात्री करायला गेजची गरज नाही, हार्डवेअरच्या दुकानातलं १/१६ इंचाचं ड्रिल बिट पुरतं. लॉटमधली एक पुंगळी बारीक पिनेनं मोकळी करा आणि बुडाच्या बाजूनं बिटचा गुळगुळीत दांडा भोकात सरकवून बघा. दांडा ०.०६२५ इंचाचा असतो. गेला तर भोक नेहमीचं, नाही गेला तर लहान. बिट फिरवून भोक मोठं करू नका. लहान भोक मुद्दाम दिलेलं असतं, ते मोठं केल्यावर पुंगळी निवडण्याचं कारणच गेलं.

मग सगळीकडेच बारीक पिन का वापरू नये, असा प्रश्न साहजिक आहे. कारण गोल सळईची वाकण्याला विरोध करायची ताकद व्यासाच्या घनावर अवलंबून असते. ०.०७० च्या तुलनेत ०.०५७ ची पिन आडवा जोर जेमतेम निम्मा सोसते. रेषा जरा चुकली की तीच आधी जाणार. लहान भोकाच्या पुंगळ्यांपुरतीच ती बसवा आणि काम झालं की काढून डबीत ठेवा.

पुंगळी पिनेवर अडकलीच, तर पकडीत धरून पिळू नका. पिळलं की पिन मुळाशी तुटते आणि तिचा तुकडा भोकात राहतो. रॉड हत्यारातून आट्यांवर फिरवून पुंगळीसकट बाहेर काढा, तोंडातून भोकाजवळ भेदक तेलाचे दोन थेंब सोडा, थोडा वेळ जाऊ द्या, रॉड व्हाइसमध्ये नरम जबड्यांत धरा आणि पुंगळी सरळ रेषेत खेचा. तेल लागलेली पुंगळी साबणाच्या पाण्यानं धुतल्याशिवाय पुढच्या कामाला घेऊ नका, कारण तेल नव्या प्राइमरला बिघडवू शकतं.

इथेच आणखी एक छोटी खोड. ओल्या टम्बलिंगला वापरायच्या स्टेनलेसच्या काड्या ०.०४१ इंचाच्या असतील तर दोन काड्या शेजारी-शेजारी मिळून ०.०८२ होतात, म्हणजे फ्लॅश होलमध्ये पाचर बसल्यासारख्या अडकतात. आधीच प्राइमर काढलेल्या आणि टम्बल केलेल्या पुंगळ्या पुन्हा साइझिंग डायमध्ये (पुंगळी मूळ मापात आणणाऱ्या साच्यात) घातल्यावर पिन तुटत असेल तर भोकात हे आहे का ते बघा. ०.०४७ च्या काड्यांनी हा त्रास होत नाही. कॉर्न कॉबचे (मक्याच्या कणसाचे) किंवा अक्रोडाच्या टरफलाचे दाणे भोकात बसतात, पण ते मऊ असल्यानं पिन त्यांना ढकलून देते.

प्राइमर हलतच नाही

पिन भोकात उतरली, टेकली, आणि हँडल दगडासारखं. पुंगळी काढा आणि बूड उजेडात धरा.

प्राइमरभोवती बारीक गोल खाच किंवा तीन-चार टोचे दिसले तर तो लष्करी क्रिम्प. पितळाची कड प्राइमरवर दाबून तो पक्का केलेला असतो. लेक सिटी या अमेरिकी लष्करी काडतूस कारखान्याच्या ५.५६ आणि ७.६२ च्या पुंगळ्यांवर, 'एलसी' आणि वर्तुळातल्या क्रॉसच्या खुणेच्या शेजारी, हा क्रिम्प नेहमीच दिसतो. ९ मिमीच्या लष्करी मालावरही असतो. हँड डिप्रायमर हा प्राइमर काढू शकतो, पण एकेका पुंगळीला इतका जोर लागतो की पन्नासएक झाल्यावर मनगट दुखायला लागतं, आणि थकलेला हात पुंगळी तिरकी धरतो. पिन तेव्हा वाकते. शिवाय क्रिम्प सुटला की अडथळा एकदम नाहीसा होतो आणि हँडल फटकन बंद होतं. अशा मालाला पंच आणि बेस किंवा प्रेस वापरावी हे उत्तम. हाताच्याच हत्यारानं करायचं असेल तर थोडे-थोडे करा, मधे साध्या पुंगळ्या घ्या. आणि एक विसरू नका: प्राइमर निघाला तरी क्रिम्पची कड पॉकेटवर तशीच राहते. ती स्वेज करून (दाबून पसरवून) किंवा रीमरनं छाटल्याशिवाय नवा प्राइमर बसणार नाही, आणि जबरदस्तीनं बसवायला गेलात तर प्राइमर चेपतो.

क्रिम्प नाही, तरीही हलत नाही, आणि प्राइमरच्या कडेला हिरवट-पांढरी पूड दिसते? मग गंज. पावसात रेंजवर पडून राहिलेल्या पुंगळ्या, किंवा प्राइमर न काढता ओल्या टम्बलरमध्ये टाकून नीट न वाळवलेल्या पुंगळ्या. दुसरं कारण जास्त दिसतं. आत राहिलेल्या पाण्यानं प्राइमरची कपी (बाहेरची धातूची वाटी) आणि पॉकेट एकमेकांना चिकटून बसतात. जोर लावला तर पिन कपीचा मधला भाग भोसकून जाते आणि पॉकेटच्या भिंतीला कपीची गोल कडी चिकटून राहते. वरवर प्राइमर निघालेला दिसतो. पॉकेटमध्ये नीट बघितलं तर आत एक पातळ, चकचकीत रिंग दिसते. ती रिंग असलेल्या पॉकेटमध्ये नवा प्राइमर घालायचा प्रयत्न करणं धोक्याचं आहे. खरवडून काढायच्या भानगडीत पडू नका. पितळ भंगारात टाका. पुंगळीवर गुलाबी किंवा तांबूस डाग दिसत असतील तर पितळातलं जस्त निघून गेलं आहे, तीही भंगारात.

पिनेचं टोक अणकुचीदार झालं असेल तर धड पुंगळ्यांतही कपी भोसकली जाते. टोक सपाट आणि कड किंचित गोल, असा आकार हवा.

प्राइमर बाहेर येतो आणि परत आत जातो

ही तक्रार पिन तुटण्याइतकीच जुनी. दाबताना प्राइमर निघाल्याचं जाणवतं, हँडल सोडलं की पुंगळी रिकामी दिसायला हवी, पण प्राइमर तिरका पॉकेटमध्ये अडकलेला. पिनेचं टोक प्राइमरमध्ये रुतून बसतं आणि परत येताना त्याला ओढून आणतं.

तीन गोष्टी क्रमानं करून बघा. आधी पिन काढून टोकाकडे भिंगातून बघा. कडेला बारीक कंगोरा असेल तर तोच प्राइमरला पकडतो. ४०० किंवा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर टोक दोन-चार वेळा फिरवून कड गोल करा. कानस लावू नका, ती नवे ओरखडे काढते. दुसरं, पिन किती बाहेर येते ते मोजा (पुढे सांगितलं आहे). प्राइमर पॉकेटच्या पूर्ण बाहेर पडायच्या आत हँडल थांबत असेल तर तो परत जाणारच. तिसरं, सवय. हँडल पूर्ण दाबल्यावर क्षणभर तसंच धरा आणि हत्यार हलकंसं झटका. रुतलेला प्राइमर तिथेच सुटतो.

हे सगळं करूनही काही पुंगळ्यांत प्राइमर परत येत असेल तर ती प्राइमरच्या ब्रँडची खोड असते. काही कप्या नरम असतात. तेवढ्या पुंगळ्या दुसऱ्यांदा दाबा, विषय संपला.

पिन किती बाहेर हवी

प्राइमर काढलेली पुंगळी हत्यारात बसवून हँडल पूर्ण दाबा आणि बुडाकडून बघा. पिनेचं टोक बुडाच्या पातळीपासून १ ते १.५ मिमी बाहेर आलेलं दिसायला हवं. त्याहून कमी म्हणजे प्राइमर परत यायचा धोका. त्याहून बरंच जास्त म्हणजे पिनेची मोकळी लांबी विनाकारण वाढली, आणि आडवा दाब आला तर तिच्या मुळाशी येणारा वाकवणारा ताण त्याच प्रमाणात वाढतो. ६ मिमीऐवजी ९ मिमी पिन मोकळी ठेवली तर तोच आडवा धक्का दीडपट ताण देतो.

हिशेब साधा. छोट्या प्राइमरच्या पॉकेटची खोली ३ मिमीच्या आसपास, मोठ्या रायफल प्राइमरची सव्वातीन मिमीच्या जवळपास. त्यात बुडातल्या भोकाची लांबी साधारण दोन मिमी मिळवा आणि वर मिलीमीटर-दीड मिलीमीटर. म्हणजे रॉडच्या खांद्यापासून पिन साडेसहा मिमीच्या आसपास मोकळी असली तरी बहुतेक कॅलिबरला पुरते. पिन डोक्याची आहे की सरळ, ते बघून त्याच प्रकारची घ्या. डोक्याच्या पिनेच्या जागी सरळ पिन घातली तर ती पिन धरणाऱ्या कॉलरमध्ये मागे सरकते आणि तुम्हाला वाटतं हत्यार बिघडलं. खिळा कापून पिन करणाऱ्यांसाठी इतकंच: खिळ्याचं पोलाद नरम असतं, तो पहिल्याच क्रिम्पला वाकतो.

पिनेला कसून धरणारा नट प्रत्येक सत्रापूर्वी बोटानं तपासा. ढिला नट आणि वाकडी पिन यांचं नातं जवळचं आहे. हातानं घट्ट करून चावीनं पाव फेरा पुरे. त्याहून कसलं की पुढच्या वेळी पिन बदलताना नट गोल होतो.

नळी तुंबते

प्राइमर पडताना कधी कधी त्याची तीन पायांची ॲनव्हिल वेगळी होते आणि कोलेटच्या तळाशी आडवी बसते. पुढचा प्राइमर तिच्यावर येऊन थांबतो, हँडल पूर्ण दाबलं जात नाही, आणि तक्रार येते ती पुन्हा पिनेचीच. नळी गच्च भरेपर्यंत थांबू नका. पाऊण भरली की रिकामी करा आणि त्याच वेळी कोलेट काढून तळ बघा. फुंकर मारून किंवा हवेच्या डब्यानं साफ करू नका. ती काजळी तुमच्या नाकातोंडात जाणार आहे आणि तिच्यात शिसं आहे.

शिसं

बहुतेक प्राइमरच्या मिश्रणात लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं. गोळी उडाल्यावर उरलेली पूड प्राइमरच्या कपीत आणि पॉकेटमध्ये राहते. टीव्ही बघत, सोफ्यावर, चहाचा कप शेजारी ठेवून प्राइमर काढायची सवय हातातल्या हत्यारामुळेच लागते, आणि तीच अंगाशी येते. कप दूर ठेवा. नायट्राइलचे हातमोजे घाला. खाली जुनं वर्तमानपत्र नको, पुसता येणारा प्लास्टिकचा ट्रे हवा. काम झालं की ट्रे ओल्या फडक्यानं पुसा, फडकं फेका, आणि जेवणाआधी थंड पाणी आणि साबणानं हात धुवा. साधा व्हॅक्यूम ही पूड हवेत पसरवतो. लहान मुलं असतील तर त्यांच्या खोलीत हे काम नाही.

जिवंत प्राइमर

बूड बघताना प्राइमरवर बंदुकीच्या पिनच्या टोल्याची खूण नसेल तर तो उडालेला नाही. पंच आणि हातोडीनं तो काढायचा नाही, हे पक्कं. हातानं दाबून काढायचा असेल तर डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण, हत्याराचं तोंड शरीरापासून दूर, आणि दाब सावकाश, एकसारखा, धक्का न देता. तो वापरलेल्या प्राइमरांच्या नळीत पडू देऊ नका. नळी काढून ठेवा आणि तो वेगळ्या डबीत घ्या. तेलात बुडवल्यानं प्राइमर निकामी होतो यावर विसंबू नका, वाळल्यावर तो उडू शकतो. दारू आणि गोळी भरलेलं काडतूस डिप्रायमरजवळसुद्धा आणू नका.

जाता जाता, एक प्रश्न बऱ्याचदा विचारला जातो. स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकल्यावर कोल्हापूरकडच्या ओळखीतून .२२ च्या पुंगळ्यांबद्दल विचारणा वाढली, की या परत भरता येतात का. त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्यात वेगळा प्राइमर नसतोच, स्फोटक मिश्रण पुंगळीच्या किनारीत भरलेलं असतं. डिप्रायमरनं काढण्यासारखं तिथे काही नाही.

नवी पिन बसवल्यावर

क्रिम्प नसलेल्या, एकाच हेडस्टॅम्पच्या (बुडावरच्या छापाच्या) दहा पुंगळ्यांनी सुरुवात करा. दहाही सहज झाल्या तर हत्यार ठीक आहे. मग त्याच पिनेनं संशयित लॉटमधल्या पाच घ्या. तिथे अडलं तर दोष त्या लॉटचा, आणि वर सांगितल्या क्रमानं बर्डन, पुंगळीत पुंगळी, कोलेट, फ्लॅश होल, क्रिम्प, गंज असं एकेक तपासत जा. पहिल्या दहांतच अडत असेल तर नट, पिनेची लांबी आणि रॉडचा सरळपणा बघा. रॉड काढून काचेवर लोळवला की त्यातला बाक लगेच दिसतो. बाक आलेला रॉड ठोकून सरळ करायचा प्रयत्न फोल आहे, तो बदला.